सर्व जाणणाऱ्यापुढें आत्मनिवेदन

मनुष्याच्या मनांत दोन इच्छा एकाच वेळीं वसत असतात, आणि त्यांचें एकमेकींशीं कधीं जमत नाहीं. आपलें अंतरंग कोणाला तरी पूर्णपणें कळावें, ही एक इच्छा; आणि तें कोणालाहि पूर्णपणें कळूं नये, ही दुसरी. कळलें नाहीं, तर आपल्यावर होणारें प्रेम आपल्या मुखवट्यावरच होत आहे, अशी शंका राहते. कळलें, तर तें प्रेम टिकेल कीं नाहीं, ही भीति राहते. म्हणून बहुतेक माणसें मधला मार्ग पत्करतात. थोडें दाखवितात, थोडें झांकतात, आणि जगांतील स्नेह असा अर्धवट ओळखीवर चालूं देतात.

ख्रिस्ती धर्माच्या पवित्र शास्त्रांत या भीतीची कथा अगदीं आरंभींच आलेली आहे. आज्ञाभंग घडल्यावर आदाम आणि हव्वा यांनीं प्रथम काय केलें, तर पानें शिवून अंग झांकलें. आणि देवाची चाहूल लागतांच तीं झाडांआड लपलीं. क्षमा मागण्याचें कोणालाहि सुचलें नाहीं. पुढें स्तोत्रसंहितेंतील १३९ व्या स्तोत्रांत हीच भीति निराळें रूप घेते. आपलें उठणें-बसणें देवास ठाऊक आहे, शब्द जिभेवर येण्यापूर्वींच तो जाणतो, आकाशांत, पाताळांत वा समुद्रापलीकडे कोठेंहि गेलें तरी तो तेथें आहेच, असें स्तोत्रकार म्हणतो. परंतु नवल हें कीं, पळून जावें कोठें, असा प्रश्न करणारा हा भक्त शेवटीं स्वतःच देवास विनवितो कीं, त्यानें आपलें अंतःकरण आणखी तपासून पाहावें. पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत, देव आज आपणांस जसा पूर्णपणें ओळखतो तसें पुढें आपणहि पूर्णपणें ओळखूं, अशी आशा प्रकट केली. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत, माणसें पापी असतांनाच ख्रिस्त त्यांच्यासाठीं मरण पावला, हें प्रेमाचें प्रमाण म्हणून सांगितलें. ज्याला सारें ठाऊक आहे, तोच प्रेम करितो, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा या वचनांत आहे.

वचनें मान्य करणें निराळें, आणि तीं स्वतःच्या सबंध आयुष्यास लावून पाहणें निराळें. हें दुसरें काम इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेंतील एका बिशपनें केलें. जुन्या गोव्यांत एका टेकडीवर जांभ्या दगडाचा भग्न मनोरा उभा आहे. १५७२ सालीं गोव्यांत आलेल्या ऑगस्टीनपंथी साधूंच्या मठमंदिराचा तो अवशेष होय. त्या साधूंनीं ज्याचें नांव धारण केलें होतें, तोच हा संत ऑगस्टीन.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं तागास्ते या गांवीं झाला. आजच्या अल्जीरियांत त्या गांवास सूक अहरास म्हणतात. बाप पात्रिकियुस बेताच्या ऐपतीचा गृहस्थ. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. मुलगा बुद्धिमान दिसला, म्हणून त्यास वक्तृत्वशास्त्र शिकण्यासाठीं कार्थेजला धाडण्यांत आलें. तेथें तो एका स्त्रीसह विवाहावांचून राहूं लागला. तिच्यापासून त्यास एक पुत्र झाला. त्याचें नांव अदेओदातुस, म्हणजे देवानें दिलेला. एकोणिसाव्या वर्षीं सिसेरोचा एक ग्रंथ वाचून ऑगस्टीनला सत्यज्ञानाची ओढ लागली. परंतु ख्रिस्ती शास्त्राची साधी भाषा त्या वक्तृत्वाच्या विद्यार्थ्यास रुचली नाहीं, आणि तो मानी पंथाकडे वळला. प्रकाश आणि अंधार अशीं दोन अनादि तत्त्वें हा पंथ मानी. त्या मतांत एक सोय होती. आपल्या हातून पाप घडलें, तर तें आपण केलें नसून आपल्यांतील दुसऱ्या कोणीतरी केलें, असें म्हणतां येत असे. झाडांआड लपण्याचीच ही एक विद्वत्तापूर्ण रीत होती. आणि ऑगस्टीन तिच्या आश्रयास सुमारें नऊ वर्षें राहिला.

३८३ सालीं तो रोमला गेला. आईनें सोबत येण्याचा हट्ट धरला, तेव्हां तिला फसवून, रात्रीं ती प्रार्थनेंत असतां तो जहाजावर चढला. पुढल्या वर्षीं त्यास मिलान येथें वक्तृत्वाच्या अध्यापकाची मानाची जागा मिळाली. तेथें बिशप अँब्रोजच्या प्रवचनांनीं त्याच्या पुष्कळ शंका फिटल्या. परंतु शंका फिटल्यानें आयुष्य बदलत नाहीं, हेंहि त्यास तेथेंच कळलें. ३८६ च्या उन्हाळ्यांत एका बागेंत, मनाच्या ओढाताणीनें रडत असतां, त्याच्या कानीं एका लहान मुलाचा आवाज पडला. जवळचें पुस्तक उघडून वाचावें, असा त्या आवाजाचा अर्थ त्यानें घेतला, आणि पौलाच्या पत्रांतील एका उताऱ्यानें त्याचा निश्चय झाला. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजच्या हातून त्यानें बाप्तिस्मा घेतला. बरोबर त्याचा पुत्रहि होता. त्याच वर्षीं, मायदेशीं परततांना, ओस्तिया बंदरांत मोनिका वारली. थोड्याच वर्षांत मुलगाहि गेला. ३९१ सालीं हिप्पो या बंदराच्या गांवीं गेला असतां तेथील लोकांनीं त्यास जवळजवळ धरूनच धर्मगुरु केलें. आणि ३९५ च्या सुमारास तो तेथचा बिशप झाला.

या पदावर आल्यावर दोन-तीन वर्षांतच त्यानें जो ग्रंथ लिहावयास घेतला, त्याचें नांव कन्फेशन्स. ३९७ ते ४०० च्या सुमारास तो तयार झाला. त्याचे भाग तेरा. पहिल्या नऊ भागांत पूर्वायुष्य आहे, दहाव्यांत लेखनकाळची मनःस्थिति आहे, आणि शेवटच्या तिहींत सृष्ट्युत्पत्तीच्या कथेचें चिंतन आहे. सारा ग्रंथ देवाला उद्देशून बोललेला आहे. मूळ लॅटिन शब्दाचे अर्थ दोन : दोषांची कबुली आणि देवाची स्तुति. ऑगस्टीनला दोन्ही अर्थ हवे होते. मराठींत त्यास सर्वांत जवळचा शब्द आत्मनिवेदन हा होय. आपल्याकडील नवविधा भक्तींत आत्मनिवेदन ही अखेरची पायरी मानलेली आहे. आणि तेथेंहि निवेदन म्हणजे केवळ सांगणें नव्हे, तर सांगतां सांगतां स्वतःस अर्पण करणें, असाच भाव आहे.

हा ग्रंथ लिहिण्यांत केवढें धाडस होतें, तें त्या काळची आफ्रिका डोळ्यांपुढें आणल्यावांचून समजत नाहीं. तेथील ख्रिस्ती समाज दुभंगलेला होता. ३०३ ते ३०५ च्या छळांत कांहीं धर्मगुरूंनीं भीतीनें पवित्र ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले होते. अशा कलंकित हातांनीं दिलेली दीक्षा खरी नव्हे, असें म्हणून एक मोठा गट वेगळा झाला. दोनातुस या त्यांच्या पुढाऱ्यावरून त्यांस दोनातिस्त म्हणत. आपली मंडळी तेवढी शुद्ध, असा त्यांचा दावा होता. ऑगस्टीन हिप्पोस आला तेव्हां त्या गांवांत त्यांचीच संख्या अधिक होती. अशा ठिकाणीं बिशपचें चारित्र्य हें रोजच्या वादाचें हत्यार होतें. तेथें एका नव्या बिशपनें उठून आपली चोरी, आपला अनाचार, आईशीं केलेली फसवणूक आणि पाखंडांत घालविलेलीं वर्षें स्वतःच लिहून जगापुढें ठेविलीं. पुढें पेतिलियान या दोनातिस्त बिशपनें त्याच्या पूर्वायुष्यावरून त्याच्यावर टीका केली, तेव्हां ऑगस्टीननें बचाव केला नाहीं. आपल्या गतायुष्याचा निषेध आपण आधींच केला आहे, शत्रूनें तो कितीहि केला तरी आपण त्याच्याशीं सहमतच आहों, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. जें स्वतः देवापुढें उघडें केलें, तें शत्रूच्या हातीं हत्यार म्हणून उरलें नाहीं.

परंतु येथें एक प्रश्न उद्भवतो, आणि तो ऑगस्टीनलाहि टाळतां आला नाहीं. देवाला जर सारें ठाऊकच आहे, तर त्याला सांगावयाचें कशासाठीं? न्यायाधीशापुढें कबुली देतात ती त्यास माहिती नसते म्हणून. सर्वज्ञापुढें कबुली देण्यांत नवें काय? ऑगस्टीनचें म्हणणें असें कीं, देवापासून कांहीं लपवूं पाहणारा मनुष्य स्वतः देवाला अदृश्य होत नाहीं; तो फक्त देवालाच आपल्यापासून अदृश्य करितो. कबुलीनें देवाच्या ज्ञानांत भर पडत नाहीं. मनुष्याचें लपणें तेवढें संपतें. ज्या देवाला आपण बाहेर शोधीत होतों, तो आपल्या अंतरंगाच्याहि आंत होता आणि आपणच स्वतःच्या बाहेर भटकत होतों, ही त्याची प्रचीति होती. म्हणून देवानें त्यास ओळखणें आणि त्यानें स्वतःस ओळखणें या दोन गोष्टी त्याच्या लेखणींत एकच होऊन जातात.

यामुळें या ग्रंथांत दोषांचें वर्णन आहे, पण तमाशा नाहीं. सोळाव्या वर्षीं सोबत्यांबरोबर शेजारच्या झाडाचीं नासपतीचीं फळें चोरल्याची गोष्ट त्यानें विस्तारानें सांगितली आहे. भूक नव्हती, घरीं त्याहून चांगलीं फळें होतीं, बहुतेक फळें डुकरांपुढें टाकलीं. एवढ्या क्षुल्लक चोरीवर इतकीं पानें कशाला, असें पुष्कळ वाचकांस वाटतें. परंतु जें पाप लोभानें किंवा गरजेनें घडतें, त्यास सबब असते. या चोरीस सबबच नव्हती, आणि म्हणून तींत मनाचा तळ दिसत होता. दहाव्या भागांत तर तो याहून अवघड गोष्ट करितो. मागील पापें सांगणें तितकें कठीण नसतें, कारण सांगणारा आतां सुधारलेला असतो. ऑगस्टीन आपला वर्तमानकाळ सांगतो. बिशप झाल्यावरहि स्वप्नांत जुन्या वासना येतात. जेवतांना भूक कोठें संपते आणि चव कोठें सुरू होते हें कळत नाहीं. भजनांतील अर्थापेक्षां सूरच मनाला अधिक ओढतात. लोकांनीं केलेली प्रशंसा गोड लागते. घरांत बसला असतां पाल माशा कशी पकडते, कोळी जाळ्यांत कीटक कसे गुंतवितो, इकडेच लक्ष जातें, हेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे. आपल्या गुरूच्या चित्ताला भिंतीवरच्या पालीनें भुरळ घातली, हें वाचून हिप्पोच्या लोकांना काय वाटेल, याची त्यानें पर्वा केली नाहीं.

मग हें सारें जाणणाऱ्या देवासमोर तो उभा कसा राहिला? त्यानें वापरलेली उपमा न्यायालयाची नाहीं, ती वैद्याची आहे. आपण रोगी आहों, देव वैद्य आहे, आणि म्हणून आपण जखमा झांकीत नाहीं, असें तो म्हणतो. न्यायाधीशाला दोष कळला तर शिक्षा होते. वैद्याला रोग कळला नाहीं तर मरण येतें. तरी ही उपमाहि त्यास सदैव पुरली नाहीं. आपल्या पापांच्या धाकानें आपण एकदां सर्व सोडून अरण्यांत पळून जाण्याचें मनांत आणलें होतें, असें त्यानें दहाव्या भागाच्या अखेरीस सांगितलें आहे. ज्या गोष्टीनें त्याला थांबविलें ती ख्रिस्त होय. देव वरून पाहून जाणतो एवढेंच असतें, तर तें ज्ञान भयंकर होतें. परंतु ख्रिस्ती श्रद्धा असें मानते कीं, तोच शब्द देहधारी झाला, माणसांत राहिला, आणि माणसांचें मरण मेला. देव आणि मनुष्य यांच्यामध्यें उभा असलेला हा मध्यस्थ नसता, तर आपण निराशच झालों असतों, हें ऑगस्टीनचें स्पष्ट मत होतें. प्रेम हें ज्ञानाच्या पाठीमागून, पुरावा पाहून आलेलें नाहीं. तें आधींचें आहे, आणि त्या प्रेमाच्या आधारावरच मनुष्य स्वतःकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं शकतो.

ज्या १३९ व्या स्तोत्राचा उल्लेख वर आला, त्यावर ऑगस्टीनचें एक प्रवचन उपलब्ध आहे. लॅटिन शास्त्रांत त्याचा क्रमांक १३८ आहे. त्या दिवशीं त्यानें दुसऱ्याच एका लहान स्तोत्राची तयारी केली होती. परंतु वाचकानें गोंधळून हें लांबलचक स्तोत्र वाचलें. ऑगस्टीननें त्यास थांबविलें नाहीं. आपल्या बेतांतील आपली इच्छा चालविण्यापेक्षां वाचकाच्या चुकींतील देवाची इच्छा आपण पत्करतों, असें सांगून त्यानें तयारीवांचून तेंच स्तोत्र विवरावयास घेतलें. सर्व चुका ठाऊक असलेल्या देवाचें स्तोत्र एका चुकीनेंच त्याच्या पुढ्यांत आलें होतें.

या विचाराला विरोधहि झाला, आणि तो दुर्जनांकडून झाला नाहीं. ब्रिटनमधून आलेला पेलागियुस हा रोममध्यें राहणारा एक व्रतस्थ पुरुष होता. एका बिशपनें त्याच्यासमोर ऑगस्टीनच्या ग्रंथांतील एक प्रार्थना म्हटली. देवानें जी आज्ञा करावयाची तिच्या पालनाची शक्तिहि त्यानेंच द्यावी, असा तिचा आशय होता. पेलागियुसला तें सहन झालें नाहीं. सारें देवानेंच करावयाचें तर मनुष्यानें प्रयत्न कशासाठीं करावा, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. क्षमा निश्चित आहे असें समजून आळशी बनलेली माणसें त्या काळींहि होतीं. ऑगस्टीनचें उत्तर त्याच्या स्वतःच्या अनुभवांतून आलें. बागेंतील त्या दिवसापूर्वीं त्याच्याजवळ ज्ञान होतें, इच्छाहि होती. पण ती इच्छा दुभंगलेली होती. भीतीनें ती सांधली गेली नाहीं. ४१८ सालीं कार्थेजच्या धर्मसभेनें पेलागियुसच्या मताचा निषेध केला; परंतु कृपा आणि प्रयत्न यांचा हा वाद पुढें हजार वर्षांनीं ल्यूथरच्या काळीं पुन्हा पेटला. ल्यूथर हा ऑगस्टीनपंथी मठांतलाच साधु होता.

इतिहासानें ऑगस्टीनची दुसरी बाजूहि झांकतां कामा नये. दोनातिस्तांस बळानें मंडळींत आणूं नये, असें तो प्रथम म्हणत असे. ४०५ मध्यें सम्राटानें त्यांच्याविरुद्ध कडक कायदा केला, तेव्हां त्याचें मत पालटलें आणि त्यानें त्या सक्तीचें समर्थन केलें. देहांताची शिक्षा देऊं नये, अशी रदबदली तो करीत राहिला हें खरें. परंतु देवानें स्वतःच्या बाबतींत जो धीर तीसबत्तीस वर्षें धरला, तो धीर त्यानें आपल्या विरोधकांच्या बाबतींत शेवटपर्यंत धरला नाहीं. त्याचप्रमाणें, जिच्याबरोबर त्यानें बारा वर्षांहून अधिक काळ संसार केला, ती त्याच्या पुत्राची आई. मिलानमध्यें तोलामोलाच्या घराण्यांतील मुलीशीं त्याचें लग्न ठरलें, म्हणून तिला आफ्रिकेस परत धाडण्यांत आलें. पुन्हा दुसऱ्या पुरुषाचा संग करणार नाहीं, असें व्रत घेऊन, मुलगा मागें ठेवून ती गेली. तिच्या वियोगानें आपलें हृदय रक्तबंबाळ झालें, असें तो लिहितो. परंतु तिचें नांव तो लिहीत नाहीं. त्या एवढ्या मोठ्या आत्मनिवेदनांत तिचें निवेदन नाहीं. जगाला ती ठाऊक नाहीं. ऑगस्टीनची श्रद्धा खरी असेल, तर तिचें नांव, तिचें व्रत आणि तिची ती परतीची वाट देवाला ठाऊक आहे, आणि ज्या प्रेमाचा आधार त्यानें घेतला त्यावर तिचाहि तेवढाच अधिकार आहे.

वृद्धपणीं, ४२६-२७ च्या सुमारास, ऑगस्टीननें आपले सर्व ग्रंथ पुन्हा तपासले आणि त्यांतील दोष नोंदविले. कन्फेशन्सविषयीं त्यानें लिहिलें कीं, आपल्या वाईट आणि चांगल्या अशा दोन्हींमधून ते भाग देवाची स्तुति करितात, आणि लिहितांना त्यांनीं जसें मन हलविलें तसें वाचतांना आजहि हलवितात. तीन वर्षांनीं व्हँडल लोकांच्या सैन्यानें हिप्पोस वेढा दिला. गांवांत आसरा घेतलेल्यांत कलामाचा बिशप पोसिदियुस होता. त्यानें पुढें ऑगस्टीनचें चरित्र लिहिलें. त्यांत त्या अखेरच्या दिवसांची हकीकत आहे. वेढा चालू असतांच ऑगस्टीनला ताप आला. त्यानें दाविदाचीं पश्चात्तापाचीं थोडींशीं स्तोत्रें लिहवून घेतलीं आणि तीं पाने भिंतीवर, बिछान्यांतून दिसतील अशीं लावविलीं. शेवटचे सुमारें दहा दिवस, वैद्य किंवा जेवण घेऊन येणारा माणूस यांखेरीज कोणीहि आंत येऊं नये, असें त्यानें सांगितलें; आणि तीं स्तोत्रें वाचीत, रडत, तो प्रार्थना करीत राहिला. २८ ऑगस्ट ४३० रोजीं, वयाचें शहात्तरावें वर्ष चालू असतां, त्याचें देहावसान झालें.

चाळीस वर्षें धर्मसेवा केलेल्या, शेंकडों प्रवचनें दिलेल्या पुरुषानें मरतांना आपल्या पुण्याची यादी भिंतीवर लावली नाहीं, पश्चात्तापाचीं स्तोत्रें लावलीं. एरव्हीं मृत्युसमयीं आपले दोष डोळ्यांपुढें आणण्यास माणूस धजत नाहीं. ऑगस्टीन धजला, याचें कारण एवढेंच कीं, ते दोष वाचतांना तो एकटा नव्हता. ते ज्याला आधींच ठाऊक होते, आणि ठाऊक असूनहि ज्यानें त्याला टाकलें नव्हतें, त्याच्या समोर बसून तो ते वाचीत होता.